न जळणारी तार

आमच्या इमारतीचं नाव 'सागरदर्शन'. तिच्यातून सागर दिसत नाही. समोर तेलाची गिरणी दिसते, मागे एका वकिलांची हापूसची कलमं दिसतात, आणि गच्चीवर जाऊन टाचा उंच केल्या तर भाट्याच्या किनाऱ्याच्या बाजूला काहीतरी निळं दिसतं. ते आभाळ आहे असं माझं मत आणि तो समुद्रच आहे असं धाकूशेठांचं. या वादावर गाळेधारक संघाच्या दोन सभा खर्ची पडल्या आहेत.

धाकूशेठ संघाचे अध्यक्ष. तळमजल्यावर त्यांचं काजूचं दुकान, शेजारी एक शिंपी आणि एक घड्याळवाला. पहिल्या मजल्यावर यमुनाबाईंची खानावळ, दुसरा मजला रिकामा, आणि तिसऱ्यावर माझी टायपिंगची संस्था. मी संघाचा चिटणीस, कारण इंग्रजी अर्ज लिहायला दुसरं कोणी नव्हतं. आत्माराम नेवरेकर हे नाव रत्नागिरीत फारसं कोणाला ठाऊक नाही. 'टायपिंगवाले मास्तर' म्हटलं की रिक्षावालासुद्धा आणून सोडतो. निदान त्या वर्षापर्यंत तरी हीच माझी ओळख होती.

दुसरा मजला एका बँकेला कचेरीसाठी हवा होता. आमच्या दृष्टीने ही लॉटरीच होती. यमुनाबाईंच्या पंगती दुप्पट झाल्या असत्या, धाकूशेठांना दिवाळीच्या काजूच्या पुड्यांची एकगठ्ठा ऑर्डर दिसू लागली होती, आणि मला बँकेच्या मॅनेजरांनी स्वतः विचारलं होतं, "तुमच्याकडच्या दोन-तीन चांगल्या मुली टायपिस्ट म्हणून मिळतील ना?" माझ्याकडच्या मुली वर्षानुवर्षं परीक्षा पास होऊन घरी पोळ्या लाटत होत्या. त्यांना नोकरी लागायची ही पहिलीच संधी होती.

फक्त बँकेची एक अट होती. इमारतीला विद्युत निरीक्षकांचा दाखला हवा.

निरीक्षक हसबनीस साहेब पाहणीला आले त्या दिवशी नेमकी लाईट गेलेली होती. आमचा जिना इमारतीच्या बरोबर मधोमध आहे. चारी बाजूंनी भिंती, खिडकी एकही नाही. बांधकाम संपत आल्यावर बिल्डरला जिन्याची आठवण झाली असावी आणि मग मिळेल त्या जागी तो त्याने कोंबला असावा. साहेब टॉर्च घेऊन पुढे, मागे मी, माझ्यामागे धाकूशेठ आणि शेवटी आमचा वायरमन बाबल्या, अशी वरात वर चढली.

गच्चीच्या दारापाशी साहेब थांबले. म्हणाले, "जिन्यात आणीबाणीचे दिवे लागतील. मेन लाईट गेली की आपोआप लागणारे, बॅटरीवर चालणारे. बॅटरी खाली मीटरच्या खोलीत ठेवा. आणि तिथून दिव्यांपर्यंत येणारी तार आगीत टिकणारी पाहिजे."

"किती टिकणारी?" धाकूशेठांनी विचारलं.

"शेवटचा माणूस खाली उतरेपर्यंत तरी. त्यासाठी तारेचा दर्जा ठरलेला असतो, तो बघून घ्यायची. बाकीच्या वायरिंगच्या बरोबरीने ती न्यायची नाही, तिची वाट वेगळी ठेवायची. आणि खानावळीच्या स्वयंपाकघरातून तर मुळीच नाही." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्हाला कल्पना असेलच?"

मी म्हणालो, "अर्थातच."

मला कसलीही कल्पना नव्हती. पण चिटणीस या नात्याने, अध्यक्षांच्या आणि वायरमनच्या देखत, अज्ञान कबूल करणं मला बरं दिसेना. 'अर्थातच' हा शब्द तोंडातून जाताना फार हलका वाटतो. त्याचं वजन पुढे कळतं.

दुसऱ्या दिवशी दुपारची पंगत उठल्यावर खानावळीत सभा भरली. मी विषय मांडला, आणि 'आणीबाणीचे दिवे' म्हणताच आतून भांडी घासता घासता यमुनाबाई बाहेर आल्या.

"आणीबाणी गेली ना ओ? परत आली काय?"

"ती नव्हे, यमुनाबाई. ही जिन्यातली."

"जिन्यात कशाला आली?"

यात बराच वेळ गेला. ते निस्तरल्यावर धाकूशेठांनी मूलभूत प्रश्न घातला. "मास्तर, अख्खी इमारत जळून गेली आणि एवढी तार तेवढी उरली, तर तिचं करायचं काय? कपडे वाळत घालायचे?"

मी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की उत्तर आहे पण सभेची पातळी पाहून देत नाही. मग सल्ले सुरू झाले. शिंप्याने सुचवलं की साध्या तारेलाच ओला गोणपाट गुंडाळावा, आणि तो रोज भिजवायला एक माणूस ठेवावा. घड्याळवाल्याने चिकणमातीचा लेप सांगितला. बाबल्याचा तोडगा सगळ्यांत सोपा होता.

"साधी वायर लोखंडी पायपातून घालतो आणि पायपाला लाल रंग देतो. लाल रंग दिसला की साहेबलोक पुढचं काय विचारत नायत."

सभेला ते पटलं. मी उभा राहिलो आणि फसवणूक, नीतिमत्ता, बँकेची प्रतिष्ठा असे मोठमोठे शब्द वापरून तो प्रस्ताव पाडला. आजही मला वाटतं की मी बरोबरच होतो. अडचण एवढीच की बरोबर असण्याची मला फार चटक लागली.

साधी तार आगीत किती टिकते ते आधी पाहावं म्हणून मी बाबल्याकडून वीतभर तुकडा मागून घरी नेला. सगुणा, म्हणजे आमची मंडळी, शेजारी गेली होती. चुलीवर आमटी उकळत होती. मी चिमट्यात धरून तुकडा जाळात घातला. तो टिकला नाही. पण त्याचा वास टिकला, आमटीत, स्वयंपाकघरात आणि दोरीवरच्या धुतलेल्या लुगड्यांत.

सगुणा धावत आली. "काय जाळताय?"

"प्रयोग करतोय."

"मग तुमच्या क्लासात करा की! तिथे एवढी यंत्रं आहेत." तिने आमटी हुंगली आणि सगळीच्या सगळी माझ्या पानात वाढली. ती मी मुकाट्याने संपवली.

मग मुंबईच्या एका व्यापाऱ्याला ट्रंककॉल केला. 'आगीत टिकणारी सगळ्यांत उत्तम तार कोणती?' असं इंग्रजीत विचारलं. त्याने नाव सांगितलं, ते मला नीट ऐकू आलं नाही, आणि मी म्हणालो, "अर्थातच, तीच पाठवा."

तार एस.टी.च्या टपावरून आली. ती काही नेहमीच्या तारेसारखी नव्हती. रबर नाही, कापड नाही. वरून लखलखीत तांबं, बोटाएवढी जाड, आणि वेटोळं करून बांधलेली. ते वेटोळं खांद्यावर घेऊन मी स्टँडवरून निघालो. त्या दिवशी रिक्षावाल्यांचा काहीतरी रुसवा होता, म्हणून चालतच. लोक थांबून पाहत होते. मला वाटलं, बँक येणार ही बातमी पसरलेली दिसते. नाक्यावर माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील, निवृत्त फौजदार, समोर आले. त्यांनी वेटोळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, हे कधीपासून?"

"आजच आलं. मुंबईहून मागवलं."

"मुंबईहून!" त्यांनी मान हलवली आणि निघून गेले.

उलगडा यमुनाबाईंनी केला. वेटोळं जिन्याखाली ठेवताना त्या म्हणाल्या, "ही कसली ओ तार? ही नळी हाय. असल्या नळीतून दारू गाळतात."

दुसऱ्या दिवशी क्लासला दोन मुली आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आणखी चार. मी हातभट्टी लावली नसल्याचं मुलींच्या घरी जाऊन सांगायचं तरी कसं? न विचारता सांगितलं तर संशय वाढणार, आणि विचारत तर कोणीच नव्हतं. शेवटी सगुणा हळदीकुंकवाचं निमित्त काढून घरोघर जाऊन आली. मला म्हणाली, "सांगितलं मी, नवऱ्याला चहासुद्धा जास्त झाला की पित्त होतं." माझ्या चारित्र्याला मिळालेलं हे प्रमाणपत्र मी निमूटपणे स्वीकारलं. मुली परत आल्या, पण जिन्याखालच्या वेटोळ्याजवळून जाताना तोंडाला रुमाल लावून हसायच्या.

खरा घोटाळा बाबल्याने तार कापली तेव्हा झाला. हॅकसॉ चालवता चालवता कापलेल्या टोकातून पांढरी भुकटी भुरूभुरू खाली सांडली. आत दोन तांब्याच्या काड्या आणि त्यांच्याभोवती नुसती भुकटी. बाबल्याने टोक जमिनीवर आपटलं, आणखी भुकटी पडली. यमुनाबाई बाजारात गेल्या होत्या, त्या सोडून बघता बघता सगळे गाळेधारक गोळा झाले. धाकूशेठांनी चिमूटभर बोटावर घेतली, वास घेतला आणि जाहीर केलं, "चुना. तारेत चुना भरलाय. मास्तर, मुंबईकराने तुम्हाला चुना लावला."

सगळे हसले. विनोद चांगला होता, हेच मला जास्त लागलं.

"ती भुकटी असतेच," मी म्हणालो.

"कशाला?"

"आगीसाठी."

"म्हंजे आग लागली की खायला?" बाबल्या म्हणाला.

वास्तविक त्या वेळी हसबनीस साहेबांच्या कचेरीत जाऊन 'ही भुकटी कसली?' एवढं विचारता आलं असतं. कचेरी चालत जाण्याजोगी होती. पण मी त्यांना 'अर्थातच' म्हणून बसलो होतो. त्यामुळे माझा आवाज चढला. "शनिवारी दुपारी गच्चीवर या सगळे. तुमच्या डोळ्यांदेखत ही तार आगीत घालतो. जळली तर मी चिटणीसपद सोडतो!"

पद सोडण्याची ही धमकी मी याआधीही दिली होती, आणि प्रत्येक वेळी सभेने ती आनंदाने ऐकली होती.

शनिवारी दुपारी क्लासला सुट्टी असते. खानावळीत पंगत चालू होती म्हणून यमुनाबाई तेवढ्या खाली राहिल्या, बाकी सगळे गच्चीवर जमले. बाबल्याने तारेचं एक टोक क्लासातल्या प्लगमधून जोडलं, दुसऱ्या टोकाला होल्डर लावून शंभरचा बल्ब लावला आणि मधली तार गच्चीवर आडवी टाकली. बल्ब लागला. आता तारेखाली जाळ करायचा, आणि बल्ब लागलेलाच राहायला हवा. जळण म्हणून मी नारळाची सोडणं आणवली होती. पण धाकूशेठ म्हणाले, "सोडणांनी काय होतंय? ही टरफलं घाला." लांज्याहून आलेलं काजूच्या टरफलांचं पोतंच त्यांनी वर आणवलं होतं. मीही म्हटलं, परीक्षाच द्यायची तर कडक द्यावी.

काजूच्या टरफलात तेल असतं. हे रत्नागिरीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, मलासुद्धा. ते किती असतं हे मात्र पोतंभर एकदम पेटवल्याशिवाय कळत नाही. भडका उडाला, शिंपी मागे सरला, आणि काळाकुट्ट, तेलकट, डोळ्यांत झोंबणारा धूर उभाच्या उभा वर चढला. आणि त्या धुराच्या पलीकडे बल्ब लागलेला होता!

तांबं काळं पडलं, लाल झालं. बल्ब हलला नाही. हळूहळू लोकांचं हसू बंद झालं. धाकूशेठ म्हणाले, "च्यायला, टिकली की!" मी कठड्याला पाठ लावून भाषणाला सुरुवात केली. "बंधूंनो," एवढंच झालं असेल, तेवढ्यात वारा फिरला. दुपारचा समुद्रावरचा वारा. तो समुद्र दिसत नसला तरी त्या बाजूला आहे, हे त्या दिवशी निर्विवाद सिद्ध झालं. सगळा धूर गच्चीवर आडवा झाला आणि उघड्या दारातून जिन्यात शिरला.

मागच्या वकिलांनी धूर पाहून बंबाला फोन केला, यात त्यांची काही चूक नव्हती. बंब घंटा वाजवत तातडीने आला, यात त्याचीही नव्हती. घंटा ऐकून बाबल्या ओरडला, "आगीत पहिली लाईट तोडायची असते!" आणि तोंडाला रुमाल बांधून खाली धावला. त्याने मेन स्विच पाडला. बल्ब गेला. धुरातून कोणीतरी ओरडलं, "गेली! तार गेली!"

"तार गेली नाही, मेन गेला!" मी घसा फोडून सांगत होतो, पण लोक तोवर पाण्याच्या टाकीमागे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसले होते. तिथे धूर नव्हता. मीही जाऊन बसलो असतो तर बरं झालं असतं. पण बंब आला म्हणजे खाली उत्तर द्यायला चिटणीस हवा, या जाणिवेने मी जिन्यात शिरलो.

ज्या जिन्याने मी कित्येक वर्षं रोज चढ-उतार केली तो मला ओळखेना. टॉर्च गच्चीवर राहिला होता. डोळे उघडले तर झोंबत होते, मिटले तरी तेवढंच दिसत होतं. हात भिंतीवर ठेवून, पाय चाचपत मी निघालो. वळणावर पायरी आहे असं समजून पाऊल टाकलं तर सपाट, सपाट समजून टाकलं तर पायरी. दुसऱ्या मजल्याच्या खाली माझा पाय कशाततरी मऊ अडकला.

"आई गं! कोण मेलं?"

"मी. आत्माराम."

"कुठला आत्माराम?"

"मास्तर, यमुनाबाई. टायपिंगवाला. तुम्ही इथे काय करताय?"

त्या पायरीवर बसल्या होत्या. श्वास लागला होता, बोलता बोलता खोकत होत्या. "धूर दिसला. म्हटलं, वर पोरी हायत क्लासात. त्यांना कुणी उतरवलं का नाय बघावं. वर चढले तर कायच दिसंना. पोरी उतरल्या काय ओ?"

"पोरी नाहीत वर. आज शनिवार. सुट्टी आहे."

"मग आग कुठं लागली?"

"आग... आम्हीच लावली."

त्या पुन्हा खोकल्या. "जळ्ळं मेलं तुमचं लक्षण," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हात द्या."

मी हात दिला. यमुनाबाई वयाने माझ्या आईएवढ्या नसल्या तरी मोठ्या मावशीएवढ्या होत्या, आणि गुडघ्यांनी अधू. त्या बसूनच एकेक पायरी खाली सरकत होत्या आणि मी पुढे राहून पुढची पायरी पायाने शोधून सांगत होतो. "आता एक आहे. आता वळण. थांबा, भिंत आहे." त्यांनी माझा हात असा घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. शेवटचा माणूस खाली उतरेपर्यंत तरी, असं साहेब म्हणाले होते. मी त्यातलं 'तार' तेवढं ऐकलं होतं. दाखला, बँक, भाषण, भुकटी, माझं चिटणीसपद, सगळ्याचा विचार मी केला होता. जिन्यात कोणी माणूस असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि ही बाई, जिला आणीबाणी म्हणजे काय ते शेवटपर्यंत समजलं नव्हतं, ती माझ्या क्लासातल्या मुलींसाठी धुरात चढून आली होती.

अशी लाज मला त्याआधी वाटली नव्हती. ती वाटून पुरी व्हायच्या आत आम्ही बाहेर आलो, आणि तिथे दुसरी लाज उभी होती.

रस्त्यावर निम्मी रत्नागिरी जमली होती. बंबाची माणसं नळी घेऊन आमच्या अंगावरूनच वर धावली. आणि बंबाच्या मागे एक जीप उभी होती. बँकेचे मॅनेजर आपल्या कोल्हापूरच्या वरिष्ठांना जागा दाखवायला घेऊन आले होते. वरिष्ठांनी गर्दीतल्या एकाला विचारलेलं मी कानांनी ऐकलं, "सागरदर्शन ती हीच का?"

"हीच. जळतेय ती."

मॅनेजरांनी मला ओळखायला वेळ लावला. माझा चेहरा काजूच्या धुराने काळा झाला होता आणि यमुनाबाई अजून माझा हात सोडत नव्हत्या.

"नेवरेकर? अहो, आग कशी लागली?"

"लागली नाही, साहेब. आम्ही लावली."

"का?"

"तार जळत नाही हे दाखवायला."

त्यांनी वर धुराकडे पाहिलं. "मग? जळली?"

"नाही."

"ठीक आहे," ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले. वरिष्ठ तर उतरलेच नव्हते.

त्यानंतर मी घराबाहेर पडलो नाही. क्लासला कुलूप. न्हावी दाढी करायला घरी आला आणि फेस लावता लावता म्हणाला, "मास्तर, आता पुढची कुठं लावताय?" मासेवालीने दारात विचारलं, "आगवाल्या मास्तरांचं घर ह्येच काय?" आणि सगुणाने "हेच" म्हणून बांगडे घेतले. माझ्या बाजूने ती एक शब्द बोलली नाही. फक्त यमुनाबाईंकडे रोज सकाळी आल्याचा काढा पाठवत होती, आणि एकदा म्हणाली, "त्या विचारत होत्या, मास्तर जेवतात ना म्हणून." त्यानंतर मला जेवण जाईना.

शेवटी हसबनीस साहेबच घरी आले. मला वाटलं, आता खटला. त्यांनी पाणी मागितलं, चहा घेतला आणि म्हणाले, "तार बघून आलो मी. तार एक नंबर आणलीय तुम्ही. आगीला दाद देत नाही ती."

"ती भुकटी..." मी म्हणालो.

"तीच तर खरी गंमत आहे. ती जळत नाही, आणि तांबं तांब्याला चिकटू देत नाही. पण ती दमट हवा पिते. म्हणून कापलेलं टोक लगेच बंद करायचं असतं. तुम्ही ते उघडं ठेवलंत, आणि वर बंबाचं पाणी पाजलंत. आगीतून वाचलेली तार तुम्ही पाण्याने मारलीत, नेवरेकर."

"पूर्ण मेली?"

"नाही. भिजलेली टोकं कापून टाका, उरलेली शेकून वाळवा, नीट बंद करून घ्या. बाबल्याला मी दाखवतो." मग त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही मला विचारलं का नाही?"

"तुमच्यासमोर 'अर्थातच' म्हणून बसलो होतो. मग लाज वाटली."

"आणि आता?"

"आता उरली नाही, साहेब. होती ती सगळी संपली."

ते हसले. जाताना दारातून म्हणाले की बँकेने विचारलं तेव्हा आपण सांगितलं, ज्या इमारतीचा चिटणीस तारेसाठी एवढा आटापिटा करतो तिथे बाकीचं काम चांगलं होईल. हे त्यांनी चेष्टेने सांगितलं की मनापासून, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. पण बँक आली. आजही दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि तिच्या पहिल्या दोन टायपिस्ट माझ्याच क्लासातल्या. त्यांतली एक त्या फौजदारांची मुलगी.

तार घातली ती बाबल्याने आणि मी. मी टॉर्च धरायचो, तो पट्ट्या ठोकायचा. स्वयंपाकघर टाळून, सगळ्या वायरिंगपासून अंतर राखून ती वरपर्यंत नेली. दर वळणावर एक दिवा. आणि मग तपासणीचा दिवस उजाडला.

हसबनीस साहेब, मॅनेजर, धाकूशेठ, यमुनाबाई, सगळे गाळेधारक जिन्यात दाटीवाटीने उभे राहिले. मी साहेबांशेजारी. टॉर्च विझवला. साहेब खाली बाबल्याला ओरडले, "पाड मेन!"

आणि दिवे लागले. खालपासून वरपर्यंत सगळे.

"वा!" कोणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. मग त्या हळूहळू थांबल्या, कारण इमारत बांधल्यापासून त्या जिन्याच्या भिंती कोणी नीट पाहिल्याच नव्हत्या. वरपासून खालपर्यंत पानाच्या पिचकाऱ्या. जुन्या तपकिरी, नव्या लाल, काही खांद्याच्या उंचीवर, काही नेम धरून कोपऱ्यात. मॅनेजरांनी आपला पांढरा शर्ट भिंतीपासून सांभाळला. धाकूशेठांच्या तोंडात पान होतं. ते त्यांनी तसंच, आवाज न करता गिळलं.

त्याहून वाईट पुढेच होतं. माझ्या डोक्याच्या जरा वर, दिव्याच्या अगदी खाली, कोळशाने काहीतरी लिहिलेलं होतं. टॉर्चच्या झोतात आम्हाला पट्टीपुरतीच भिंत दिसली होती. हे दिसलं नव्हतं. अक्षर मात्र सुरेख होतं. अंधारात असं अक्षर काढणारा माणूस माझ्या क्लासात असता तर मी त्याचं कौतुक केलं असतं.

यमुनाबाईंना वाचता येत नव्हतं. "मास्तर, काय लिवलंय ओ? तुमच्याकडंच बघतायत सगळे."

"काही नाही, असंच."

"असंच काय? वाचा की."

मॅनेजर भिंतीकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. साहेब खोकले. मी वाचलं.

"गच्चीत जाळ, जिन्यात धूर, आत्माराम मास्तर मोठे शूर."

मॅनेजरांना हसू आवरलं नाही, आणि मग कोणालाच आवरलं नाही. खालून बाबल्याही हसला, म्हणजे पाठ त्याला आधीपासून असणार. मी खिशातला रुमाल काढून भिंतीला हात लावणार तोच यमुनाबाईंनी माझं मनगट धरलं.

"पुसू नका हां. यात खोटं काय हाय? शूर तेवढं सोडून द्या. उद्या कुणी इचारलं, ह्ये दिवे कुणामुळं लागले, तर दाखवायला बरं."

"झालं," साहेब म्हणाले. "पास. बाबल्या, मेन चालू कर!"

खाली खटका पडला. लाईट आली, आणि आणीबाणीचे दिवे नियमाप्रमाणे, एकदम, सगळेच्या सगळे विझले. जिन्यात मिट्ट काळोख झाला.

सगळे वाट पाहत उभे राहिले. काही झालं नाही.

"नेवरेकर," अंधारातून साहेबांचा आवाज आला, "रोजचा दिवा कुठाय?"

रोजचा दिवा नव्हता. होल्डर होता, त्यातला बल्ब कोणीतरी केव्हातरी नेला होता आणि त्यानंतर प्रत्येकाने आपापला टॉर्च घेतला होता. एवढ्या सभा झाल्या, ट्रंककॉल झाले, मुंबईहून तार आली, बंब येऊन गेला; साधा चाळीसचा बल्ब आणायचं कोणाला सुचलं नव्हतं. साहेब उजवीकडून माझ्या उत्तराची वाट पाहत होते, आणि डावीकडून एक खरखरीत हात मला शोधत आला.

"द्या हात, मास्तर," यमुनाबाई म्हणाल्या. "उतरू या."

मी हात दिला आणि पायाने पहिली पायरी चाचपली. माझा चेहरा त्या वेळी कसा झाला होता ते कोणालाच दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर बल्ब नसल्याबद्दल तेवढ्यापुरता मला आनंदच झाला.